सतरा प्रभागांचा गुलाल

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जामच्या चौकापासून थोड्याच अंतरावर वसलेल्या समुद्रपूर या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीच्या मतांची मोजणी १९ जानेवारी २०२२ रोजी झाली, तेव्हा तेथील बहुसंख्य मतदारांनी यंत्राची कळ दाबून एकोणतीस दिवस उलटून गेले होते. त्या खेपेस राज्यातल्या शंभराहून अधिक नगरपंचायतींची हीच अवस्था होती. २१ डिसेंबरला मतदान आणि लगेच दुसऱ्या दिवशी मोजणी, असा मूळचा कार्यक्रम. परंतु इतर मागासवर्गाच्या राखीव जागांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबरला दिलेल्या आदेशामुळे त्या जागा ऐनवेळी सर्वसाधारण ठरल्या, तेवढ्यांपुरते मतदान १८ जानेवारीवर गेले, आणि बहुतेक गावाचा कौल आधी कळून उरलेल्यांचे मन फिरू नये या रास्त हेतूने पहिल्या टप्प्यातील यंत्रेही मोहोरबंद खोलीत पडून राहिली. निकालाची मुदत लांबली म्हणजे उत्कंठा वाढते, असे आपण सहज म्हणतो. लहान गावात उत्कंठेबरोबर आकडेमोडही वाढते. कापसाच्या वेचणीचे आणि तुरीच्या राखणीचे ते दिवस. पण बांधावर असो की पानठेल्यावर, कोणत्या घरात किती मते आणि त्यांतली किती कोणाकडे गेली, याचा हिशेब त्या महिन्याभरात इतक्या वेळा मांडला व मोडला गेला असेल, की प्रत्यक्ष मोजणी ही बऱ्याच जणांच्या दृष्टीने ताळा पाहण्यापुरतीच उरली असावी.

हा हिशेब मांडता येतो याचेच कारण समजून घेण्यासारखे आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण राज्य सरकारने २०१४ च्या सुमारास अंगीकारले, आणि त्या ओघात वर्धा जिल्ह्यात सेलू, कारंजा, आष्टी व समुद्रपूर या चार गावांना नगराचा दर्जा मिळाला. त्यांना लागू असलेला नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. नगरपंचायतीचे प्रभाग सतरा आणि प्रत्येक प्रभागातून सदस्य एक. गावाची लोकसंख्या काही हजारांची. तिचे सतरा भाग केले म्हणजे एकेका प्रभागात काही शेच मतदार येतात. त्यांतले दोन-चार उमेदवार वजा करा, त्यांची भाऊबंदकी व सोयरीक वजा करा, कामानिमित्त नागपुरास किंवा पुण्यास गेलेले आणि मतदानास येऊ न शकलेले वजा करा. जी काही घरे उरतात, ती सगळ्यांना नावानिशी ठाऊक असतात. लोकसभेच्या निवडणुकीत मतदार हा एक थेंब असतो असे म्हणतात, त्यात तथ्य आहेच. येथे मात्र तो भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी असतो, आणि निकालाचा आकडा हा त्याच्या मनातले उघड करणारा पुरावा ठरू शकतो.

मोजणीच्या टेबलापाशी हे किती झटकन घडते, ते पाहण्याजोगे आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली प्रभागाचे नियंत्रण यंत्र आणले जाते, त्यावरील मोहोर व क्रमांक उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवला जातो, आणि निकालाची कळ दाबली की छोट्याशा पडद्यावर आधी एकूण मतदान व मागोमाग एकेका उमेदवाराच्या क्रमांकापुढचा आकडा उमटत जातो. कारकून तो मोठ्याने वाचतो, प्रतिनिधी हातातल्या कागदावर उतरवून घेतात, आणि शेवटचा आकडा उच्चारला जाण्यापूर्वीच जाळीच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून कोणीतरी अंगठा वर केलेला असतो. पाच वर्षांची आकांक्षा, दोन-तीन आठवड्यांचा प्रचार, न परतफेडीच्या बोलीवर घेतलेले उसनवार, रुसलेल्या मेहुण्याची समजूत, हे सगळे दोन-चार मिनिटांत निकालात निघते. फेरमोजणीचा अर्ज करण्याची सोय आहे. परंतु राज्याच्या स्थानिक निवडणुकांत मतपडताळणीच्या कागदी चिठ्ठ्यांचे यंत्र वापरलेले नसल्याने फेरमोजणी म्हणजे बव्हंशी तीच कळ पुन्हा दाबणे, आणि यंत्र पहिल्याने जे सांगते तेच दुसऱ्यानेही सांगते. मतपत्रिकांच्या काळी शिक्का दोन रकान्यांच्या रेषेवर पडला, घडी चुकून शाई दुसरीकडे उमटली, अशा संशयास्पद मतांवर तास तास हुज्जत घालता येत असे. हरणाऱ्याला त्या हुज्जतीतही एक प्रकारचा दिलासा होता. तो आता राहिलेला नाही.

कागदी मतपत्रिकांचा दुसराही एक गुण होता, आणि तो गेल्याचे दुःख फारसे कोणी केले नाही. निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद १९६१ च्या निवडणूक नियमांत होती, ती अशासाठी की कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे विजेत्याला कळू नये आणि कळल्यावर त्याने त्या वस्तीचे पाणी तोडू नये. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्रपणे उघडा पडू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारे उपकरण लावावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली आणि विधि आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. तथापि केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. समुद्रपूरसारख्या ठिकाणी ते उपकरण आले असते तरी त्याचा उपयोग बेताचाच होता. कारण जेथे प्रभाग आणि मतदान केंद्र यांची हद्द जवळजवळ एकच, तेथे मिसळायचे कशात? मत गुप्त राहते ते कायद्याच्या कलमात; गल्लीत ते अर्धवटच गुप्त असते. निकालानंतरच्या लोकप्रतिक्रियेचा विचार या एका गोष्टीपासून सुरू केला नाही, तर गुलाल, फटाके, मौन आणि कुजबुज यांतले काहीच नीट उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गुलालाचेच पाहा. विजयी उमेदवाराला खांद्यावर बसवून निघणाऱ्या मिरवणुकीत जे लोक नाचतात, ते सगळेच आनंदाने बेभान झालेले असतात असे समजणे भोळेपणाचे होईल. त्यांत निष्ठावंत असतात, हौशी असतात, डीजेच्या दणदणाटाला भुलून आलेली पोट्टी असतात. आणि कपाळाला गुलाल लागलेला लवकरात लवकर सगळ्यांच्या दृष्टीस पडावा अशा बेताने आलेले, मतदानाच्या दिवसापर्यंत दोन्ही घरचा चहा घेतलेले सद्गृहस्थही असतात. गुलाल हा त्यांच्यापुरता दाखला असतो. मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, याचीही मसलत होते. पराभूत उमेदवाराच्या दारावरून ती जाताना ढोल किंचित जोराने वाजावा की किंचित हळू, यावरून पुढच्या पाच वर्षांच्या संबंधांचा अंदाज येतो. समंजस विजेता त्या दारापाशी वाद्ये थांबवतो आणि आत जाऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. उतावळ्या विजेत्याचे कार्यकर्ते तेथेच फटाक्यांची माळ लावतात, आणि मग पोलीस ठाण्यात परस्परविरोधी तक्रारी दाखल होतात.

२०२२ च्या जानेवारीत महासाथीच्या तिसऱ्या लाटेमुळे राज्यात जमावबंदी होती, तरी निकालाच्या दिवशी ठिकठिकाणी गुलाल उधळला गेलाच. अलीकडे त्याची मात्रा इतकी वाढली आहे, की मुठीने उधळण्याची वस्तू जेसीबीच्या फावड्याने ओतली जाते. हवेत तरंगणारी कोणतीही बारीक ज्वालाग्राही भुकटी ज्योतीच्या संपर्कात आली की भडका उडतो, हे पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. पण विजयोत्सवात ते कोणाच्या ध्यानी राहत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडच्या नवनिर्वाचित आमदारांना ओवाळताना जेसीबीतून पडलेल्या गुलालाने पेट घेतला आणि ते स्वतः व आरती घेऊन उभ्या असलेल्या काही स्त्रिया भाजल्या. पुढे २१ डिसेंबर २०२५ रोजी जेजुरीत नगरपरिषदेच्या विजयानंतर भंडारा उधळताना असाच भडका उडून नवनिर्वाचित सदस्यांसह अनेक जण होरपळले. ज्या हळदीने देवाचा गड पिवळा होतो तीच ही हळद. मात्र खुद्द देवाच्या दारी असूनही येथे तिच्या शेजारी पेटत्या वाती होत्या.

मिरवणुकीतील आणखी एक दृश्य असे की, हार कोणाच्या गळ्यात आणि मते कोणाच्या नावावर यांची पुष्कळदा फारकत असते. राज्यातील स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निकाल लागला की निवडून आलेल्या बाई मोजणीच्या ठिकाणी प्रमाणपत्रावर सही करतात, बाहेर येतात, आणि खांद्यावर मात्र त्यांचे यजमान चढलेले दिसतात. दुसऱ्या दिवशीच्या आभाराच्या फलकावर यजमानांची छबी ठसठशीत, बाईंची तिच्या शेजारी, आणि वर डझनभर नेत्यांच्या मुद्रा. याला हसणे सोपे आहे. परंतु सभेत जाऊन बसण्याचा, टिपणे मागण्याचा आणि मुख्याधिकाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा सराव झाल्यावर दुसऱ्या खेपेस स्वतःच्या नावावर मते मागणाऱ्या आणि यजमानांना घरी ठेवणाऱ्या स्त्रियाही तालुक्यातालुक्यांतून दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या विजयाच्या वेळी बायकांचा जो घोळका रस्त्यावर उतरतो, त्याचा उत्साह भाड्याने आणलेला नसतो.

आता पराभवाकडे वळावे. कारण सतरा जागांसाठी साठ-सत्तर उमेदवार असले, तर निकालाच्या दिवशी गावात विजयापेक्षा पराभवच कितीतरी अधिक घडलेले असतात, आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत ते कधीच येत नाहीत. पडलेला उमेदवार घरी येतो, पुढचे दार ओढून घेतो, आणि मग एकेक जण मागच्या दाराने समाचाराला येऊ लागतो. पहिला येतो तो बहुधा तोच, ज्याच्या घरची मते फुटली असा सगळ्यांना संशय असतो. चहा होतो. यंत्राला दोष दिला जातो, पैशाला दिला जातो, बंडखोराला दिला जातो, पक्षाच्या वरिष्ठांनी आयत्या वेळी सभा रद्द केली तिलाही दिला जातो. कोणाच्याही तोंडी नाव येत नाही, आणि सगळ्यांच्या मनात मात्र एकच नाव असते. तिकडे पानठेल्यावर ‘मी त पयलेच सांगतलं होतं’ असे म्हणणाऱ्यांची संख्या इतकी भरते, की यांनी सर्वांनी खरोखरच आधी सांगितले असते तर उमेदवाराने अर्जच भरला नसता. वैध मतांच्या आठव्या हिश्श्याइतकीही मते न मिळाल्याने ज्यांची अनामत जप्त होते, त्यांच्याविषयी गाव एक-दोन दिवस थट्टा करते आणि विसरते. अवघ्या तीन-चार मतांनी गेलेल्याला मात्र ते विसरू देत नाही. त्याला पुढे कितीतरी वर्षे लग्नाच्या पंगतीत, बाजारात, एसटीच्या थांब्यावर कोणीतरी सांगतच राहते, की आमच्या घरची दोन माणसे त्या दिवशी बाहेरगावी होती.

मते समसमान पडली तर काय, याची तजवीज कायद्याने चिठ्ठीवर सोपवली आहे. तिच्यावर ज्याचे नाव निघेल त्याला एक मत अधिक मिळाले असे मानायचे. लोक तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. हा प्रकार लहान प्रभागांतच घडतो असे नाही. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि एका लहान मुलीने उचललेल्या चिठ्ठीने शाह निवडून आले. पण महानगरातली चिठ्ठी ही बातमी असते. लहान गावात चिठ्ठीने हरलेल्याला एक विलक्षण सवलत मिळते, ती ही की त्याला कोणावरही संशय घ्यावा लागत नाही. त्याच्या घरच्या चहाला सगळे निःशंकपणे जातात.

जनतेच्या क्षोभाचे स्वरूप नेहमीच असे घरगुती नव्हते. १९०७ साली मुंबई कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत काही इंग्रज अधिकारी व वृत्तपत्रकार यांनी एकजूट करून सर फिरोजशहा मेहता यांना पाडण्याचा घाट घातला आणि जस्टिस ऑफ पीस मंडळींनी निवडून द्यावयाच्या सोळा जागांत मेहतांना सतरावे स्थान आले. ही ‘कॉकस’ची, म्हणजे संगनमत केलेल्या कंपूची, कारवाई म्हणून गाजली, शहरात निषेधाच्या सभा झाल्या, वृत्तपत्रांत खडाजंगी झाली, आणि निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द ठरल्यावर मेहता परत सभागृहात आले. त्या वेळचे मतदार मूठभर आणि प्रतिष्ठित होते. संतापलेली जनता मात्र बहुतांशी मताधिकाराबाहेरची होती. ज्याला मत देता येत नव्हते त्याने निकालावर रोष प्रकट करावा, ही परिस्थिती आपल्याकडे बराच काळ होती. समुद्रपूरचा मुलूख तेव्हा हिंगणघाट तहसिलीत मोडे, आणि हिंगणघाटास १८६७ पासून व वर्ध्यास १८७४ पासून नगरपालिका असली, लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांतात लोकल बोर्डांचा कायदाही झाला असला, तरी मताचा हक्क कर भरणारे, जमीनजुमला बाळगणारे, शिकलेसवरलेले अशा थोड्यांपुरताच होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा स्थापन झाल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाले, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्यावर जनपद सभांची दफ्तरे बांधून ठेवली गेली. एवढ्या उलथापालथीत या मुलखातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या दर्ग्यास जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेची डागडुजी कोणत्या संस्थेने करायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या संस्थेकडे जुन्या संस्थेकडून जसाच्या तसा हवाली होत गेला असणार.

निकालाच्या प्रतिक्रियेत सर्वांत मोठा फरक पडतो तो नगराध्यक्ष कोणी निवडायचा यामुळे, आणि या बाबतीत राज्यकर्त्यांनी जितके हेलकावे खाल्ले तितके अन्य कोणत्याही प्रश्नावर क्वचितच खाल्ले असतील. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला गेला; पुढे ती पद्धत गेली. २००१ मध्ये ती परत आली, २००६ मध्ये पुन्हा गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ च्या जुलैत पुन्हा परतली. प्रत्येक वेळी बदलाचे कारण म्हणून लोकशाहीचेच नाव घेण्यात आले. समुद्रपूरची २०२२ ची निवडणूक नेमकी अशा संधीत सापडली, की सतरा सदस्यांनी आपल्यातूनच अध्यक्ष निवडायचा होता. परिणामी निकालाचे दोन दिवस झाले. पहिला मोजणीचा, जो रस्त्यावरच्या लोकांचा. दुसरा अध्यक्षपदाच्या निवडीचा, जो सतरा जणांचा. या दोहोंच्या मध्ये अध्यक्षपदाच्या आरक्षणाची सोडत मुंबईस निघायची, जिल्हाधिकाऱ्यांकडे गटनोंदणी व्हायची, आणि बहुमत काठावर असेल तेथे सदस्य ‘सहली’ला जायचे.

या सहली महाराष्ट्रभर इतक्या रूढ झाल्या आहेत, की नुसता शब्द उच्चारला तरी कोणास त्यात देवदर्शन किंवा थंड हवा दिसत नाही. निकालाच्या संध्याकाळी गाड्या येतात, सदस्य बसतात, भ्रमणध्वनी बंद होतात, आणि निवडीच्या दिवशी त्या गाड्या थेट सभागृहाच्या दारापाशी येऊन उभ्या राहतात. ज्या मतदाराने गुलाल अंगावर घेऊन आपला माणूस निवडून आणला, त्याला तो माणूस नंतर कित्येक दिवस भेटतच नाही. भेटतो तेव्हा तो कदाचित दुसऱ्याच गटात बसलेला असतो. १९८७ पासून स्थानिक संस्थांनाही पक्षांतरबंदीचा कायदा लागू आहे, परंतु अपक्ष व स्थानिक आघाड्या यांच्या गर्दीत त्याला पुष्कळ वाटा-आडवाटा आहेत. म्हणून दुसऱ्या निकालाची प्रतिक्रिया ही नेहमी खांदे उडवण्यापुरती असते. पहिल्या निकालावर भांडणारे दोघेही दुसऱ्या निकालानंतर एकाच बाकावर बसून ‘सगळे सारखेच’ म्हणतात, हे सामाजिक सलोख्याच्या दृष्टीने भले असेल. लोकशाहीच्या दृष्टीने ते मला तितकेसे भले वाटत नाही.

थेट निवडीने ही तक्रार मिटते, आणि दुसरी उत्पन्न होते. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशी दुरवस्था २०१६ नंतर अनेक नगरपरिषदांत झाली. ठराव अडले, निधी पडून राहिला. गंमत अशी की अप्रत्यक्ष निवडणुकीचा सर्वांत तात्त्विक पुरस्कार वर्धा जिल्ह्यातूनच झालेला आहे. वर्ध्यास राहणारे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीप्रणीत राज्यघटनेचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात प्रौढ मतदारांनी फक्त ग्रामपंचायत निवडावी आणि वरच्या संस्था खालच्यांनी निवडीत जाव्यात अशी रचना होती. खुद्द गांधीजींची दृष्टी तीच होती. पवनारला धाम नदीच्या तीरावर राहणारे विनोबा तर त्याही पलीकडे जाऊन म्हणत, की गावात बहुमताने निर्णय होऊच नये, सर्वसंमतीनेच व्हावा, कारण एक्कावन्नांनी एकोणपन्नासांना हरवले की गाव दुभंगते. सेवाग्राम आणि पवनार यांच्यापासून दोन-तीन तासांच्या आत पोचता येईल अशा गावांत आज फटाके वाजतात ते त्या एक्कावन्नांचेच.

विनोबांच्या निदानात खोटे काही नाही. उपचाराविषयी मात्र अनुभव निराळा आहे. बिनविरोध निवडणूक झाली म्हणजे संमती झाली असे धरून चालता येत नाही. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, त्या पदांचा लिलाव झाल्याचे निदर्शनास आल्यामुळे. बोली मंदिरासाठी होती, गावाच्या विकासासाठी होती, असे समर्थन करण्यात आले. ज्यांच्यापाशी बोलीचे पैसे नव्हते, त्यांची संमती कोणी विचारली होती? मतमोजणीचा गोंगाट कितीही कर्कश असला, तरी त्यात हातावर पोट असलेल्या मजुराचा एक आकडा धनिकाच्या एका आकड्याइतकाच मोजला जातो, आणि म्हणून सर्वसंमतीच्या शांततेपेक्षा, ती कोणी व कशी घडवली हे ठाऊक नसेल तर, मी त्या गोंगाटालाच पसंती देईन. शिवाय ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आता नुसता निषेधाचा राहिलेला नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली, तर ती निवडणूक पुन्हा घ्यावी लागते.

लहान निकालाला मोठा अर्थ चिकटतो, तोही क्वचितच. त्याच १९ जानेवारी २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ नगरपंचायतीत सतरापैकी दहा जागा राष्ट्रवादी काँग्रेसला मिळाल्या आणि दिवंगत आर. आर. पाटील यांचे तेव्हा अवघे विशीतले पुत्र रोहित यांचे नाव एका दिवसात राज्यभर झाले. प्रचारात विरोधक एकवटले असताना त्यांनी वडिलांची आठवण काढली होती, आणि लोकांनी त्या निकालाकडे पोरक्या मुलाने मिळवलेला न्याय म्हणून पाहिले. सर्व नगरपंचायतींच्या नशिबी असे नाट्य नसते. वाहिन्यांच्या पडद्यावर समुद्रपूरसारख्या गावाच्या वाट्याला खालच्या पट्टीतील एक ओळ येते: एकूण जागा सतरा, अमुक पक्ष इतक्या, तमुक इतक्या. त्या ओळीत आघाडीच्या नावाखाली कोण कोणत्या पक्षाचा आहे हे गावालाही नीट सांगता येत नाही, पण मुंबईत मात्र तिची बेरीज करून कोणाची लाट आहे हे सांगितले जाते.

२०२५ च्या डिसेंबरात शेजारच्या हिंगणघाटसह राज्यातल्या नगरपरिषदांचे मतदान झाले, तेव्हा निकालाच्या प्रतीक्षेचा अनुभव पुन्हा आला. २ तारखेस मतदान होते आणि ३ तारखेस मोजणी. परंतु काही ठिकाणचे मतदान पुढे गेल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वच निकाल २१ डिसेंबरला जाहीर करण्याचा आदेश दिला, आणि एकोणीस दिवस यंत्रे कुलूपबंद राहिली. या वेळी ठिकठिकाणी उमेदवारांच्या माणसांनी त्या खोल्यांबाहेर रात्रंदिवस पहारा ठेवला, थंडीत शेकोट्या पेटल्या, डबे येत राहिले. एकमेकांवर नव्हे तर सरकारवर अविश्वास असलेले प्रतिस्पर्धी पक्षांचे कार्यकर्ते एकाच शेकोटीला हात शेकत बसले, ही त्या लांबलेल्या निकालाची अनपेक्षित फलश्रुती म्हणता येईल.

समुद्रपूरची मुदत २०२७ च्या आरंभी संपते. कायद्यात तोवर आणखी फेरफार झाला नाही तर तेथील मतदाराला या खेपेस दोन मते असतील, एक प्रभागाच्या सदस्यासाठी आणि दुसरे नगराध्यक्षासाठी. म्हणजे आकडेमोड करणाऱ्यांना प्रत्येक घराचे दोन हिशेब ठेवावे लागतील, आणि एका घराने सदस्याला एकीकडचे व अध्यक्षाला दुसरीकडचे मत दिले असेल तर दोन्ही मिरवणुकांत गुलाल लावून घेण्याचा त्याचा हक्क निर्विवाद राहील. निकालाविरुद्ध दाद मागायची असेल त्याला राजपत्रात नावे प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांच्या आत जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. तो बहुधा कोणी करीत नाही. वर्ध्याच्या वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांचा हिशेब मतांच्या हिशेबापेक्षा लवकर होतो.